खारवलीच्या परबबाई

परवा एका कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. व्यासपीठावरून एक तरुण समीक्षक सांगत होता की ‘खारवली’ नावाचं अख्खं गाव संपादक मधुकर टिपणीस यांच्या प्रतिभेतून उभं राहिलं. चार-पाच लेखक, पन्नासेक कथा आणि त्या सगळ्यांना जोडणारं एकच काल्पनिक गाव. ‘त्या काळाच्या मानाने केवढी दूरदृष्टी’, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिपणीसांच्या चिरंजीवांनी उभं राहून हात जोडले.

मी उठून बाहेर आलो. या वयात सभेत उभं राहून बोलणं आता झेपत नाही. पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. टिपणीसांना खारवलीतल्या धक्क्यावरून खानावळीकडे जायला डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. ते गाव परबबाईंचं होतं. शालिनी परब. त्यांचं नाव त्या संध्याकाळी एकदाही कुणाच्या तोंडून आलं नाही.

परबबाई अंधेरीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. राहायच्या घाटकोपरला, भटवाडीत, भावाच्या बिऱ्हाडात. वडील वेंगुर्ल्याकडून गिरणीत आलेले, भाऊही गिरणीतच. आणि ऐंशीनंतर गिरण्या बंद पडल्या तेव्हा ते घर बाईंच्या पगारावर चाललं. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर कायमची एक आठी. ट्रंक कॉल जोडून जोडून त्यांना एक सवय लागली होती. कुणी फार लांबण लावली की त्या मध्येच म्हणायच्या, “तीन मिनिटं झाली.” आणि खरोखरच ऐकणं बंद करायच्या. आमच्या संपादकांच्या बाबतीत हे दर बैठकीला व्हायचं.

राग हा त्यांचा स्वभाव नव्हता, ते त्यांचं काम होतं असं मला वाटतं. रेशनच्या दुकानात कुणी म्हातारीला मागे ढकललं की बाईंचा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा. एकदा मी म्हटलं, “बाई, सोडून द्या ना, आपल्याला काय करायचंय?” तर म्हणाल्या, “दळवी, माणसाला राग यायला हवा रे. नाहीतर कुणीही येतं नि आपली खुर्ची हलवून जातं.” फारच संतापल्या की त्या मालवणीत जायच्या. मग मात्र समोरच्याने गप्प बसावं.

मासिकाची कचेरी घाटकोपर पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. टेबलं, कागद, टिपणीसांचा चष्मा, सगळ्यावर पिठाची साय असायची. मी मुलुंडच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि फावल्या वेळात कथा लिहायचो. परबबाईंच्या दोन कथा मी त्या मासिकात वाचल्या होत्या. दोन्हींत खाडीकाठचं एकच गाव होतं, खारवली. एकच धक्का, आणि आक्काची तीच खानावळ. मला ती खानावळ इतकी आवडली की माझ्या पुढच्या कथेतल्या शाळा तपासनिसाला मी लाँचमधून खारवलीला उतरवला आणि आक्काकडे जेवायला नेला. बाईंना विचारावं हे मला सुचलंसुद्धा नाही.

अंक निघाल्यावर मी कचेरीत गेलो, तर एक बाई माझी वाट बघत उभी.

“दळवी तूच?”

“हो.”

“तुझा तपासनीस सोमवारी जेवला. आणि आक्काने त्याला सुरमई वाढली.”

“मग?”

“आक्का सोमवारी मासे शिजवत नाही. तिचा नवरा गेल्यापासून नाही. माझ्या पहिल्या कथेत लिहिलंय. तू वाचलंस नि विसरलास, की वाचलंसच नाहीस?”

मी सॉरी म्हटलं. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार, माझ्या गावात पुन्हा पाऊल टाकू नकोस. त्या म्हणाल्या, “यायचं तर ये. पण आलास तर नीट राहा. पाहुण्यासारखं येऊन वाट लावून जायचं नाही.”

अशी ती सुरुवात झाली. टिपणीस तेव्हा आतल्या खोलीत चहा पीत होते.

माझ्यामागून विलास सामंत आला. तो बँकेत होता, रहस्यकथा लिहायचा, मुलगा झकास होता पण घाईचा. आणखी दोघेतिघे मधूनमधून लिहायचे. गाव वाढत गेलं. एकाच्या कथेतला डॉक्टर दुसऱ्याच्या कथेत नुसता सायकलवरून जायचा. माझ्या कथेत ठरलेलं लग्न बाईंच्या कथेत मोडायचं, आणि त्याची खरी कारणं विलासच्या कथेत कळायची. वाचकांना याची चटकच लागली. बाईंचे नियम तोंडी होते. दुसऱ्याने बांधलेलं हलवायचं नाही. दुसऱ्याच्या माणसाला त्याच्या स्वभावाबाहेर वागायला लावायचं नाही. आणि मेलेला माणूस मेला. मी एकदा म्हटलं, आपण गावाचा एक नकाशा काढून भिंतीवर लावू या, चुका होणार नाहीत. तर म्हणाल्या, “तू भटवाडीत येतोस तेव्हा खिशात नकाशा घेऊन येतोस? राहायला लागलं की कळतं.”

विलासला एकदा थरार हवा होता म्हणून त्याने खारवलीचं पोस्ट ऑफिस जाळलं. कथा छान जमली होती. पुढच्या महिन्यात तो ते विसरूनही गेला. बाई विसरल्या नाहीत. त्यांनी एका शकूची कथा लिहिली. शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीचा तिला आलेला कॉल, ते बोलावण्याचं पत्र, त्या आगीत जळालं होतं, आणि तिला ते कधी कळलंच नाही. ती बिचारी रोज वाट बघत राहिली. वाचक विलासवर उखडले. एका गृहस्थांनी तर कचेरीत येऊन त्याला सुनावलं. विलास रडकुंडीला आला.

“बाई, तिला दुसरा कॉल पाठवा ना.”

“कसा पाठवू? पोस्ट कुठाय?”

“अहो, पण ती गोष्ट आहे ना.”

“जाळलंस तेव्हा गोष्ट नव्हती काय? तू जाळलंस, तू बांध.”

आणि विलासने, रहस्यकथा लिहिणाऱ्या विलासने, पोस्ट ऑफिसची इमारत पुन्हा उभी राहते त्यावर एक अख्खी कथा लिहिली. त्यात एकही खून नव्हता. ती त्याची सगळ्यात चांगली कथा आहे.

आता वसंताबद्दल सांगितलं पाहिजे. वसंता हा आक्काचा एकुलता एक मुलगा. बाईंनीच त्याला वाढवला होता, आणि एका पावसाळ्याच्या तोंडाशी बाईंनीच त्याला समुद्रात घालवला. होडी गेली, परत आली नाही, काही सापडलं नाही. त्यानंतर त्यांनी आक्कावर ज्या कथा लिहिल्या त्या मी अजून कुणाला मोठ्याने वाचून दाखवू शकत नाही. त्यांत रडणं नाहीच. आक्का रोज वसंताचं ताट मांडते. गिऱ्हाइकं त्या जागेवर बसत नाहीत. पुढे कितीतरी कथांनंतर, दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीच्या मध्यात, एका ओळीत येतं की त्या दिवशी आक्काने ते ताट धुऊन फळीवर ठेवलं आणि एका नवख्या खलाशाला त्यातच जेवण वाढलं.

ती कथा आल्यानंतर काही दिवसांनी कचेरीच्या जिन्यात दोन बाया उभ्या राहिल्या. एक वयस्कर कोळीण, दुसरी तिची सून. वर्सोव्याहून आल्या होत्या. म्हातारीच्या हातात पिशवीत पापलेटं होती. टिपणीसांनी नाकाला रुमाल लावला.

म्हातारीचं नाव हिराबाय, सुनेचं नाव यमुना. सातवीपर्यंत शिकलेली. ती सासूला दर महिन्याला खारवलीच्या गोष्टी वाचून दाखवायची. हिराबायचा मुलगा, म्हणजे यमुनाचा नवरा, दोन वर्षांपूर्वी होडीबरोबर गेला होता. त्याचंही काही सापडलं नव्हतं.

हिराबायने खोलीत नजर फिरवली. “आक्का कंची?”

विलास हसायला लागला, तशी बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग बाई म्हणाल्या, “आक्का गावाला असते. मी तिची.”

“बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“तिना सांग, तिना ताट काढला तवा मी पन काढला. नायतर माजा हात उठत नव्हता.” तिने पिशवी बाईंच्या हातात दिली. “ही तिना दे.”

त्या गेल्यावर मी म्हटलं, “बाई, खरं सांगायला हवं होतं का?” त्यांनी पापलेटं घरी नेली, शिजवली आणि पुढच्या कथेत आक्काकडे वर्सोव्याहून पापलेटांचा वानोळा आला. तेवढं मात्र त्यांनी चुकवलं नाही. त्यानंतर यमुना त्यांना अंधेरीला एक्स्चेंजच्या फाटकाशी अधूनमधून भेटायची. हिराबायनेच तिच्यासाठी मढचा एक मुलगा बघितला होता, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. दिवाळीनंतर पाट लावायचं, म्हणजे यमुनाचं दुसरं लग्न करायचं ठरत होतं. बाई हे सांगताना इतक्या खूश असायच्या की कपाळावरची आठी सैल व्हायची.

आणि त्याच वर्षी टिपणीसांना दूरदर्शनची भीती वाटायला लागली. घरोघरी टीव्ही आले होते, मालिका सुरू झाल्या होत्या, अंक पडून राहायला लागले होते. दिवाळी अंकाच्या बैठकीत ते म्हणाले, “या वेळी वसंता परत येतो.”

मग टिपणीस स्वतःच पुढे सांगत गेले.

“लोकांना धक्का पाहिजे. वसंता वाहत गेला, अरबांच्या जहाजाने त्याला उचललं, डोक्याला मार लागून स्मृती गेली. दुबईत होता. आता परत आला. बाई, तुम्हीच लिहा. तुमचाच मुलगा आहे.”

“वसंता मेला,” बाई म्हणाल्या.

“प्रेत कुठे सापडलंय?”

“तुमच्यासारख्यांना दाखवायला ठेवलं नाही म्हणून काय झालं? दोन वर्षं मी त्या आईला घेऊन चाललेय. तिने ताट काढून ठेवलंय, टिपणीस. ते काय गंमत म्हणून?”

“बाई, ही कथा आहे. आणि तुम्ही फार भावनेत जाता. शेवटी गाव मासिकाचं आहे.”

बाई उभ्या राहिल्या. “मासिकाचा? मेल्या, तुका त्या गावात पाणी कोण देता तां तरी ठावक आसा?” मग स्वतःला आवरून त्या नेहमीच्या मराठीत आल्या. “वाचणाऱ्यांत कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ती बाई या खोलीत येऊन गेलीय. तुम्ही नाकाला रुमाल लावला होतात. तिला मी काय सांगू?”

“तिला सांगा, गोष्ट आहे.”

बाई निघून गेल्या. टिपणीसांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांनी विलासकडे बघितलं. विलासला नुकताच मुलगा झाला होता आणि टिपणीस त्याच्या कथांचं पुस्तक काढणार होते. त्याने लिहिली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘वसंता आला’.

तो अंक बाईंनी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर उभ्यानेच वाचला. मी बरोबर होतो. वाचता वाचता त्या तिथेच बोलायला लागल्या, स्टॉलवाला बघत राहिला. “दोन वर्षं दुबईत, आणि स्मृती येते ती नेमकी विमानतळावर? आणि आक्का त्याला बघून बेशुद्ध पडते? आक्का? बेशुद्ध? नवरा गेला तेव्हा ती चुलीसमोरून उठली नव्हती रे.” अंक मिटून त्यांनी स्टॉलवर परत ठेवला, नीट सरळ करून. “विलासला म्हणावं, तिची माफी माग. माझी नको.”

वाचकांना कथा आवडली, हेही खरं सांगायला पाहिजे. अंक संपला. टिपणीस खुशीत होते.

आठवड्याभरात यमुना एक्स्चेंजच्या फाटकाशी आली. तिने स्वतःच सासूला ती कथा वाचून दाखवली होती. “मी नको वाचायला पायजे होती, बाय,” ती म्हणाली. “आता ती म्हंते, आक्काचा पोर आला तर माजा पन येल. पाट मोडला तिने. मढवाल्यांना नाय सांगून आली. रोज सकाळी बंदरावर जाते.”

त्या रविवारी परबबाई मला घेऊन वर्सोव्याला गेल्या. “तू पण खारवलीचा आहेस,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं की त्या तिथे टिपणीसांवर, विलासवर बरसतील. सांगतील की ती कथा खोटी, दुसऱ्या कुणीतरी घुसडलेली, बाकीच्या माझ्या खऱ्या.

हिराबाय बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. “आक्काचा पोर आला,” ती म्हणाली. “आयकला मी. तिचा तोंड कसा जाला असंल.”

“हिराबाय, बसा,” बाई म्हणाल्या.

“बोल ना, मी आयकते.”

“वसंता आला नाही.”

“आला. यमुनाने वाचला.”

“तो आला नाही, कारण तो नव्हताच. आक्का नाही. खारवली नाही. असं गाव कुठेच नाही. मी बसून लिहिलं ते सगळं.”

मी बाईंना पाच-सहा वर्षं ओळखत होतो. त्यांच्या तोंडून हे वाक्य येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नुसत्या विनोदानेसुद्धा खारवली नाही असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. हिराबायच्या हातातला बोंबील तसाच राहिला. यमुना दारात उभी होती, ती खाली बघत होती.

“तू बोललीस बरी हाय,” हिराबाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी इचारला, बरी हाय ना, तू बोललीस बरी हाय.”

“बोलले.”

“माजी पापलेटा घेतलीस.”

“घेतली.”

“मंग ताट कोनी काढला? मी कोनाचा बघून काढला?”

तीन मिनिटांत कुणाचाही फोन तोडणारी ही बाई एकेक शब्द शोधत म्हणाली, “तुम्ही काढलात. तुमचं तुम्हीच काढलंत.”

“जा,” हिराबाय म्हणाली. मग मात्र तिचा राग बाहेर आला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. शिकलेल्या बाया, वह्या भरणाऱ्या बाया, दुसऱ्याच्या घरात मेलेलं माणूस बघून गोष्टी रचणाऱ्या बाया. आजूबाजूच्या बायका बाहेर आल्या. परबबाई मान खाली न घालता ते सगळं ऐकत राहिल्या. मी त्यांचा हात धरला तर झटकला. सगळं संपल्यावर मगच त्या वळल्या.

बस स्टॉपवर म्हणाल्या, “तिचा राग खरा आहे. टिपणीसचा मला राग येतो तो यासाठी, की हे ऐकायला तो इथे हवा होता.”

त्यानंतर त्यांनी खारवलीवर लिहिलं नाही. दुसऱ्या कशावरही नाही. मीही थांबलो. टिपणीसांनी नवे लेखक आणून गाव वर्षभर ओढलं. धक्का खाडीवरून समुद्रावर गेला, आक्का कधी साठीची, कधी चाळिशीची झाली, वसंता इन्स्पेक्टर झाला. भटवाडीत कुणी अंक दाखवला तर बाई म्हणायच्या, “मला नको. माझ्या ओळखीचं कुणी राहत नाही तिथे.” मग मासिकच बंद पडलं. आणि आता त्या टिपणीसांची दूरदृष्टी.

वर्सोव्याच्या त्या रविवारानंतरच्या वर्षी यमुना एक्स्चेंजच्या फाटकाशी पुन्हा आली. पाट ठरला होता, मढच्याच मुलाशी. तो थांबला होता. सासूने स्वतःच पुन्हा जाऊन बोलणी केली होती, पण त्याबद्दल घरात ती काही बोलली नव्हती. “तुमी या,” यमुना म्हणाली. “तिने नाय सांगितला बोलवायला. मी सांगते.”

आम्ही गेलो. मांडवात बेंजो वाजत होता, पोरं नाचत होती. हिराबाय हिरवं लुगडं नेसून सगळीकडे फिरत होती. आमच्याजवळून ती दोनदा गेली, बाईंकडे तिने बघितलंही नाही. आम्ही जेवलो. बाईंनी यमुनाच्या हातात साडी दिली आणि मला म्हणाल्या, “चल, झालं.”

मी चपला शोधत होतो तेवढ्यात हिराबाय समोर येऊन उभी राहिली. बाईंच्या, माझ्या नाही. दोघींची उंची सारखीच होती.

“तिचा खानावलीचा कसा चाललाय आता?” तिने विचारलं. रागातच विचारलं.

मला वाटलं, आता पुन्हा सांगावं लागणार, नाही म्हणून.

“बरेच दिवस गेले नाही मी तिकडे,” बाई म्हणाल्या.

“का नाय गेलीस? एकटी बाय ती.”

मग हिराबायने त्यांचं मनगट धरलं आणि मांडवामागे, जिथे रिकाम्या टोपल्या रचून ठेवल्या होत्या, तिथे नेऊन बसवलं. मी मांडवाच्या दाराशी थांबलो. बेंजोच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं, पण बाई हळूहळू बोलायला लागलेल्या दिसत होत्या. नंतर त्यांची बदली झाली, भेटी कमी झाल्या, आणि पुढे त्या गेल्याचंही मला उशिरा कळलं. म्हणून परबबाई म्हटलं की मला तिथल्याच दिसतात. टोपल्यांच्या पुढे बसलेल्या, काहीतरी सांगत असलेल्या. हिराबाय मान हलवतेय, मध्येच थांबवतेय. मी बोलवायला जवळ गेलो तेव्हा ती म्हणत होती, “नाय, नाय, ती असा बोलनार नाय. ती आधी त्याना जेवायला घालंल.”

आणि परबबाई, कपाळाला आठी घालून, थोडा विचार करून म्हणाल्या, “बरोबर. आधी जेवायला घालेल. मग?”